सीओईपीत मॅन्युफॅक्चरिंग की खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर?

करमाळ्याच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बाबांचं खत-बियाणांचं दुकान आणि चार एकर जमीन. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवर्ग ओबीसी. सीईटीच्या पर्सेंटाइलवर पुण्याच्या सीओईपी या सरकारी तंत्रशास्त्र विद्यापीठात मॅन्युफॅक्चरिंग मिळेलसं दिसतंय. पुण्यातल्याच एका खासगी विद्यापीठात ‘कॉम्प्युटर सायन्स (एआय)’ची जागा त्यांच्याच प्रवेश परीक्षेतून पक्की झाली आहे. तिथली फी वर्षाला सव्वाचार लाख, आणि येत्या शनिवारपर्यंत एक लाख भरायचे आहेत. मावसभाऊ म्हणतो कॉम्प्युटरला स्कोप आहे, सोडू नकोस, क्लासचे सर म्हणतात सीओईपी सोडू नकोस. काय करू?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या सल्ल्याला किती वजन द्यायचं ते तुला ठरवता येईल. मी चोवीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रॉडक्शन आणि मेकॅनिकलचे विषय शिकवले. शेवटची आठ वर्षं टीपीओ होते, म्हणजे मुलांच्या कॅम्पस भरतीचं काम बघायचे. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसून कागद तपासायचं कामही बरीच वर्षं केलं. म्हणजे तुला जी शाखा मिळते आहे त्याच शाखेची मी आहे. माझा कल तिकडे असणार, हे धरूनच पुढचं वाच.

तू दोन विद्यापीठांची तुलना विचारली आहेस, पण तुझ्यापुढे खरं तर तीन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. चार वर्षं कोणते विषय शिकायचे? कोणत्या मुलामुलींमध्ये आणि शिक्षकांमध्ये राहायचं? घरावर किती कर्ज घ्यायचं? मावसभाऊ फक्त पहिल्याचं उत्तर देतोय, सर फक्त दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. हा भाग बाबांनाही वाचून दाखव.

सव्वाचार लाख गुणिले चार म्हणजे 17 लाख. राहणं-जेवण वेगळं. त्यातले दोन लाख बाबांनी घातले आणि 15 लाख कर्ज काढलं असं धरू. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका तारण मागतात. तुमच्याकडे तारण म्हणजे दुकान नाहीतर जमीन. व्याज 10.5 टक्के धरू. कर्ज चार वर्षांत समान हप्त्यांनी उचललं आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने परतफेड सुरू झाली, तर तोवर सरळव्याजानेच साडेपाच लाखांच्या आसपास चढलेले असतात. म्हणजे परतफेड साडेवीस लाखांची. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता 27-28 हजार. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवरून घाऊक भरती करतात तेव्हा नवख्यांना साडेतीन-चार लाखांचं पॅकेज देतात, म्हणजे हातात महिना 25-30 हजार पडतात. पुण्यात खोलीभाडं आणि मेस यातूनच भागवायची. जास्त पगाराची नोकरी लागली तर सगळं सुरळीत होईल, पण न लागली तर हप्ता कोण भरणार? हे आज घरात स्पष्ट बोला. मुलीच्या शिक्षणाचा विषय असला की बाबा ‘बघू, होईल’ म्हणतात. मी टेबलापलीकडे बसून हे शेकडो वेळा ऐकलं आहे आणि त्या शब्दांमागची काळजीही पाहिली आहे.

आता दुसरी बाजू. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पूर्वी ही सवलत पन्नास टक्के होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. आणि खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे सीओईपीत तुला ही माफी मिळू शकते, त्या खासगी विद्यापीठात ती मिळणार नाही. सीओईपीतही वसतिगृह, मेस आणि इतर किरकोळ शुल्कं भरावी लागतीलच, पण तो आकडा आणि 17 लाख यांची तुलनाच होत नाही. विद्यापीठ स्वतःची काही गुणवत्ता शिष्यवृत्ती देत असेल तर ती चारही वर्षांसाठी आहे का, आणि किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, हे लेखी विचार. पहिल्या वर्षापुरती सवलत आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी, अशा अवस्थेत अडकलेली मुलं माझ्याकडे आलेली आहेत.

केवळ पैशावर निर्णय घ्यायचा असता तर मी इथेच थांबले असते. पण चार वर्षं तुला रोज त्या वर्गात बसायचं आहे, म्हणून आता शाखेकडे येते.

मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे नेमकं काय, हे बारावीच्या मुलांना कुणी सांगत नाही. पहिलं वर्ष बहुतेक सगळ्यांना सारखंच. दुसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंग, मटेरियल सायन्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. पुढे मशीन टूल्स, कास्टिंग, वेल्डिंग, मेट्रॉलॉजी, जिग्ज-फिक्स्चर्स, सीएनसी, रोबोटिक्स, ऑपरेशन्स रिसर्च, क्वालिटी. एखादा भाग दहा मायक्रॉनच्या आत कसा बसवायचा, महिन्याला पन्नास हजार नग एकसारखे कसे काढायचे, याचं हे शास्त्र आहे. पुण्याच्या आसपास हे पुस्तकात शोधावं लागत नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव इथे वाहनांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. आता तिथे सेन्सर, पीएलसी, कॅमेऱ्याने तपासणी, मशीनमधून येणाऱ्या डेटाचा अभ्यास हे सगळं शिरलं आहे. ज्याला यंत्रही कळतं आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो अशा इंजिनिअरला मागणी आहे, पण असे फार कमी सापडतात. सुरुवातीचे पगार मात्र सॉफ्टवेअरच्या चांगल्या कंपन्यांपेक्षा कमी असतात आणि शॉपफ्लोअरवर शिफ्ट असते. हे मी लपवणार नाही.

‘सीओईपीचं नाव घ्यायचं, शाखा कोणतीही चालेल, शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जायचं’ असा सल्ला तुला नक्की मिळेल. तो अर्धाच खरा आहे. दुसऱ्या शाखांतून सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी कितीतरी मुलं जातात, कारण बऱ्याच कंपन्या सगळ्या शाखांना परीक्षेला बसू देतात. पण त्यांच्या अटी असतात: अमुक सीजीपीए हवा, चालू बॅकलॉग, म्हणजे नापास राहिलेला विषय, नको. माझ्याकडे एक हुशार मुलगा होता. पहिल्या दिवसापासून त्याने ठरवलं होतं की शाखा नावापुरती. जर्नलं उतरवून काढली, ओरलना तयारी न करता गेला. सातव्या सेमिस्टरला कंपन्या आल्या तेव्हा त्याच्या तीन केट्या, म्हणजे बॅकलॉग, चालू होत्या. कोडिंग त्याला उत्तम येत होतं, पण परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे तो मार्गी लागला, पण मधली दोन वर्षं घरी तोंड चुकवत काढली. शाखा नकोशी असेल तर तिचे चाळीसेक विषय ओढून नेणं फार जड जातं.

उलट बाजूची चूक माझ्या हातून झाली आहे. आठवीपासून प्रोग्रॅम लिहिणारा एक मुलगा वडिलांबरोबर सुविधा केंद्रावर आला होता. एका मध्यम महाविद्यालयात त्याला कॉम्प्युटर मिळत होतं आणि एका नामांकित संस्थेत सिव्हिल. मी नावाच्या बाजूने बोलले. फीचा प्रश्न नव्हता आणि त्याचा कल अगदी स्पष्ट होता, तरी मी त्याला नीट काही विचारलंच नाही. चार वर्षं तो तिथे रमला नाही. नंतर भेटला तेव्हा राग नव्हता त्याच्या बोलण्यात, पण मला ते लागून राहिलं. तेव्हापासून मी आधी एकच विचारते: हातात वेळ असतो तेव्हा तू काय करतेस?

तुझ्या प्रश्नात कॉम्प्युटर आवडतं असं कुठेच नाही. ‘स्कोप आहे’ असं आहे. स्कोपबद्दल माझा अनुभव सांगते. 2001-02 मध्ये आयटी बसली तेव्हा पालक कॉम्प्युटर नको म्हणायचे. 2009 च्या बॅचच्या हातात ऑफर लेटरं होती, पण जॉइनिंग महिनोन्महिने लांबलं. त्यानंतरची काही वर्षं मेकॅनिकलसाठी रांगा होत्या. मग पुन्हा कॉम्प्युटर, आणि 2023-24 मध्ये परत कॅम्पस भरती आटली. तू आज अठरा वर्षांची आहेस, नोकरी शोधशील बावीसाव्या वर्षी. तेव्हा वारं कुठल्या दिशेने असेल, हे ना मावसभाऊ सांगू शकतो ना मी.

म्हणून स्वतःला तपासायला दोन कामं देते, याच आठवड्यात कर. पहिलं: गावातल्या लेथच्या किंवा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये बाबांच्या ओळखीने दोन तास जाऊन बस. मालकाला विचार, हा तुकडा असा का धरलाय, हे माप कशाने घेता, वेल्डिंगनंतर वाकतं ते सरळ कसं करता. दुसरं: पायथॉन थोडं शिकून बाबांच्या दुकानाच्या साठ्याचा छोटा प्रोग्रॅम लिही. कोणत्या खताच्या किती गोण्या शिल्लक, कोणत्या कीटकनाशकाची मुदत पुढच्या दोन महिन्यांत संपते, एवढंच. चुका येतील, अडशील. ज्या कामात अडल्यावर तुला जेवायला उठावंसं वाटणार नाही, ते तुझं. दोन्हींत रमलीस तर मॅन्युफॅक्चरिंग तुझ्यासाठी फार चांगली शाखा आहे. लेथजवळ कंटाळलीस आणि प्रोग्रॅमपाशी रात्र झाली, तर माझं पुढचं मत बदलेल. ते खाली लिहिते.

संस्थेबद्दल. सीओईपी 1854 पासून आहे, 2003 मध्ये स्वायत्त झाली आणि 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. जुनं असणं हा माझ्या लेखी मोठा गुण नाही. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, माजी विद्यार्थी: कारखान्यांत, सरकारी खात्यांत, परदेशातल्या विद्यापीठांत ते सगळीकडे आहेत आणि इंटर्नशिपसाठी ई-मेल केलं तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. दोन, शेजारच्या बाकावरची मुलं. राज्यभरातून गुणवत्तेवर आलेली, मराठी माध्यमातली, तालुक्याच्या गावची, तुझ्यासारखी बरीच असतील. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी व्याख्यानं डोक्यावरून जातील तेव्हा रात्री खोलीत बसून समजावून सांगणारी मैत्रीण कोण आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. तालुक्यातून आलेल्या मुली पहिल्या वर्षी गप्प होतात आणि तिसऱ्या वर्षी वर्कशॉपमध्ये पुढे उभ्या असतात, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. मधल्या काळात त्यांना सांभाळणारं कुणीतरी लागतं.

खासगी विद्यापीठ वाईटच असतं असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी उपकरणं नवी आहेत, शिक्षक तळमळीचे आहेत, अभ्यासक्रम लवकर बदलतात. पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट बारकाईने बघ. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या नावांच्या शाखांच्या जागा बऱ्याच ठिकाणी झपाट्याने वाढल्या. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे त्यांनीच ठरवलेलं प्रमाण आहे. जागा एका वर्षात वाढवता येतात, पण एआय खरोखर शिकवू शकणारे शिक्षक एका वर्षात मिळत नाहीत. म्हणून विचार: तुकड्या किती, त्या शाखेचे पूर्णवेळ शिक्षक किती, त्यातले पीएचडी किती, गेल्या वर्षात किती सोडून गेले? संकेतस्थळावर शिक्षकांची यादी असते, ती उघडून नावं मोज. आणि ‘एआय’ या कंसावर जाऊ नकोस. पहिली दोन-अडीच वर्षं विषय बहुतेक साध्या कॉम्प्युटरचेच असतात.

प्लेसमेंटच्या आकड्यांबद्दल टीपीओ म्हणून सांगते. सर्वांत मोठं पॅकेज हा एका मुलाचा आकडा असतो. सरासरीही दोन-तीन मोठ्या पगारांनी वर ओढली जाते. मध्यक विचार, म्हणजे निम्म्या मुलांना यापेक्षा जास्त आणि निम्म्यांना कमी, असा आकडा. ‘तीनशे ऑफर्स’ म्हणजे तीनशे विद्यार्थी नव्हेत, एकेकाला तीन-तीन मिळालेल्या असतात. ‘95 टक्के प्लेसमेंट’मध्ये छेद काय धरला ते विचार: प्रवेश घेतलेले सगळे, की अटी पूर्ण करून नाव नोंदवलेले? एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना पदवीधर किती, नोकरी किती जणांना, मध्यक पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेले, हे द्यावं लागतं आणि ती माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. जाहिरातीच्या पानाआधी ते कोष्टक वाच. शाखानिहाय यादी मात्र टीपीओकडेच मिळेल. सीओईपीतही मॅन्युफॅक्चरिंगच्या मुलांना गेल्या वर्षी कोणत्या कंपन्यांनी बसू दिलं, हे तिथल्या अंतिम वर्षाच्या मुलांना विचार. कॉम्प्युटरचे आकडे ऐकून स्वतःच्या शाखेचा अंदाज बांधू नकोस.

आणि दोन्ही ठिकाणी स्वतः जा, कामाच्या दिवशी, दुपारी. प्रवेशकक्षातला माणूस दाखवेल तेवढंच पाहून परत येऊ नकोस. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना कँटीनमध्ये गाठ आणि विचार: प्रॅक्टिकल खरंच होतं की आकडे लिहून घेतात? ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं? वसतिगृह पहिल्याच वर्षी मिळतं का, नाही मिळालं तर मुली कुठे राहतात? हा शेवटचा प्रश्न सीओईपीत मुद्दाम विचार, कारण जागा मर्यादित असतात आणि शिवाजीनगर परिसरात बाहेर राहणं महाग पडतं.

आता माझं मत. तू सांगितलेल्या परिस्थितीत, म्हणजे उत्पन्न आठ लाखांच्या आत, तारण द्यायला जमीन आणि कॉम्प्युटरची खास ओढ नाही, मी सीओईपीचं मॅन्युफॅक्चरिंग घेईन. शाखा मनापासून शिकेन आणि बरोबरीने प्रोग्रॅमिंग पक्कं करेन. दुसऱ्या शाखेची मायनर, म्हणजे मुख्य पदवीबरोबर त्या शाखेचे थोडे विषय, घेता येते का, किती जागा असतात, तेही विचारेन. पहिल्या वर्षानंतरच्या शाखाबदलावर मात्र भरवसा ठेवणार नाही, कारण तो रिकाम्या जागांवर आणि गुणांवर ठरतो.

पण वर्कशॉपमध्ये जीव रमला नाही आणि प्रोग्रॅममध्ये रमला, तरी उत्तर ते खासगी विद्यापीठ नाही. तुझ्यापुढे दोनच दारं आहेत हे तू कसं ठरवलंस? कॅपमध्येच कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) असलेली चांगली शासकीय, अनुदानित आणि खासगी महाविद्यालयं आहेत. सांगलीचं वालचंद आहे, कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावतीची शासकीय महाविद्यालयं आहेत. तुझ्या पर्सेंटाइलला त्यांतलं काय मिळू शकतं ते गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये स्वतःच्या प्रवर्गासमोर आणि मुलींच्या जागांसमोर बघ. यापैकी कुठेही कॅपमधून गेलीस तर शुल्कमाफीची योजना लागू राहते. मुलगी लांब नको असं घरचे म्हणतील, तर एसटीचे तास मोजून बोला.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालय-शाखांची पसंती यादी, भरताना खऱ्या आवडीच्या क्रमानेच भर. वर अवघड पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो गोठतो, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाक जे मिळालं तर पेढे वाटशील. पुढच्या फेऱ्यांचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत ओळ न् ओळ वाच, ते वर्षागणिक बदलतात.

राहिला शनिवारचा लाख रुपयांचा प्रश्न. पैसे भरून जागा अडवून ठेवायची असेल तर आधी परताव्याचा नियम ई-मेलवर मागव. 2024-25 साठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करायला सांगितलं होतं. यंदाचं परिपत्रक कोणतं आणि ते पाळणार का, एवढंच विचार. मूळ कागदपत्रं त्यांना ठेवून घेता येत नाहीत, ती दाखवून परत घे. लेखी उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका. तुझ्या हाती सीओईपीची शक्यता असताना शनिवारची घाई त्यांची आहे, तुझी नाही.

आणि बाबांना उद्याच दाखल्यांच्या कामाला लाव: जात वैधतेसाठी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे, बाकीसाठी तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांतलं एक जरी वेळेत नसलं तर प्रवर्गाची जागा आणि शुल्कमाफी दोन्ही अडतात. सुविधा केंद्रावर मी सर्वांत जास्त रडणं याच कागदांपायी पाहिलं आहे. दुकानाच्या साठ्याचा प्रोग्रॅम कुठे अडला तर मला कळव, मी बघते.